मोजणी: जुना पिठा, चेंदणी

सकाळी नऊला कुलूप निघतं.
हेरंब टेपचं कडं धरून त्या टोकाला,
मी वही घेऊन या टोकाला,
मध्ये सव्वाशे वर्षांची ओल.

दर्शनी भिंत अठ्ठावीस फूट चार इंच.
वीट, विटेवर चुना, चुन्यावर डिस्टेंपर,
डिस्टेंपरवर “गुरुकृपा टायपिंग इन्स्टिट्यूट”,
आणि ऊन तिरपं आलं की त्याच्याही पोटातून
रेशन दुकानाचा नंबर वर येतो.
त्याच्या खाली काय होतं ते आळीत सगळ्यांना ठाऊक.
पाटीवर मात्र कुठेच नाही.

एदलजीचा पिठा.
कमानीच्या माथ्यावर गिलाव्यात साल: १८९४,
चाराचं शेपूट पिंपळानं उचकटलेलं.

खिडक्या अशा बेतल्यात की रस्त्यानं जाणाऱ्या बायकोला
आतलं फक्त आढं दिसावं.
खालची तावदानं घासून आंधळी केलेली,
त्यांवर द्राक्षांचे घोस.
इथल्या माणसानं तेव्हा द्राक्ष पाहिलं असेल
तर याच काचेवर,
तेही माडाची पिता पिता.

ओतीव लोखंडाचे दोन खांब.
बुंध्याशी ग्लासगोच्या भट्टीचं नाव, माथ्याला पानं.
आगबोटीनं मुंबई, पडावानं खाडी, बैलगाडीनं दारात,
आणि एवढं येऊन पेलायचं काय
तर मंगळुरी कौलं आणि कावळे.

काउंटर ब्रह्मदेशी सागाचा. अकरा फूट दोन इंच.
कोपरं टेकून टेकून मध्ये खळगा पडलाय,
खोली पाऊण इंच.
हेरंब आपलं कोपर ठेवून बघतो.
बरोब्बर बसतं.
चटका बसल्यासारखं काढून घेतो.

समोरच्या फ्लोरीबाई खुर्ची टाकून बसल्यात.
“माजा आजा हितं हिशेब लिवायचा.
बंदी आली त्या दिशी पिंपं गटारात वतली,
आळीतली बदकं दोन दिस वाकडी चालत व्हती.”
बदकं मी वहीत घेते.
कुठल्या रकान्यात, ते ऑफिसात बघू.

मग मागची भिंत.
भिंतीत एक चौकोनी भोक.
“व्हेंटिलेटर टाकू,” हेरंब म्हणतो.
पण व्हेंटिलेटर वर असतो, धूर वर जातो.
हे जमिनीपासून दोन फूट सात इंचांवर,
रुंदी जेमतेम एका करवंटीची.
खालच्या दगडाला बाहेरच्या अंगाला उतार,
गवंड्याला मुद्दाम सांगून दिलेला,
सांडलेलं परत आत येऊ नये म्हणून.
आतल्या कडेला दगडातच कोरलेली वाटी.
पाणी भरून ठेवत असणार,
पैसा आधी तिच्यात पडायचा,
मग गल्ल्यात.

फ्लोरीबाईंना विचारते.
त्या खुर्ची सावलीत सरकवतात.
“तिकडं मागची माणसं यायची.”
एवढंच. बदकं नाहीत, काही नाही.

पुढचा दरवाजा साडेआठ फूट, वर कमान, 
टोपी घातलेला साहेब टोपीसकट आत यावा असा.
मी वहीत दोन आकडे शेजारी शेजारी लिहिते
आणि त्यांच्याकडे बघत नाही.

माझा पणजा बंदरावर मिठाची पोती उचलायचा.
प्यायचा का, कुणी सांगितलं नाही.
उंच होता,
घरात त्याच्याबद्दल एवढंच ऐकलेलं.

मागच्या बोळात जाते. गुडघे मोडून,
मान तिरकी करून, हात आत घालते.
दगडाच्या कडेला मधोमध झीज.
अंगठ्यानं चाचपते, मग पट्टी लावते: सव्वा इंच.
साग नव्हे हा. काळा दगड आहे.

“काय लिहू?” भिंतीपलीकडून हेरंब.
खिडकी लिही, मी म्हणते.
आणि टेप सोड.
तो सोडतो.
पोलादी पट्टी भोकातून सरसरत परत येते, 
मुठीत शिरते, खट्‌कन थांबते,
आणि मी अजून वाकलेलीच.