नंबर सांगा

मानेवाड्याच्या दुकानात काउंटरवरची पोरगी
मान वर न करता म्हणते,
नंबर सांगा, काकू.
मी ह्यांचाच सांगते.
माझ्या नावावर काही नाही,
ह्यांच्या नावावर सहाशे बारा पॉइंट.

तूरडाळीवर अकरा रुपये सुटणार होते,
तेव्हा ह्यांनीच दिला होता, ऐटीत,
वर जन्मतारीख, घरात माणसं किती, तेही.
काहून सांगता हो सगळं?
तर म्हणे, लपवायसारखं आहे काय आपल्याकडे,
अंबाडीची भाजी?

फोन अजून डब्यांच्या फळीवर असतो.
रिचार्ज मीच मारते.
मे महिन्यात, कूलरमध्ये बादली ओतताना, तो वाजला:
शेषरावजी, ब्लेड घेऊन एकशे दहा दिवस झाले,
खास तुमच्यासाठी वीस टक्के सूट.

ओल्या बोटांनी मोजले.
शेवटचं पाकीट मेडिकलला भरती व्हायच्या आदल्या दिवशीचं.
बरोबर होते, एकशे दहा.

पेन्शन ऑफिसात तीनदा दाखला दिला,
तिथे हे अजून जिवंत आहेत.
धाकट्या दिराला तर तारीखही आठवत नाही.
आणि दुकानाला ठाऊक
की ह्या घरात आता कोणी दाढी करत नाही,
साखर अर्धा किलोच लागते.

काल गेले. ब्लेडचं एक पाकीट घेतलं,
दुसरं काही नाही.
नंबर सांगा, काकू.
सांगितला.
पोरगी म्हणाली, दोन पॉइंट वाढले काकांचे.
म्हटलं, वाढू दे.