अंडरसाइज

मायक्रोमीटरच्या शेपटाशी एक रॅचेट असतो.
फिरवायचं ते तिथनं. तीनदा वाजला की थांबायचं.
पुढचा दांडा धरून दाबलं तर माप खोटं येतं.
एकोणीस वर्षं मी हे नव्या पोरींना शिकवलं
उद्यमबागेत, तपासणीच्या टेबलापाशी,
जिथं मे महिन्यातही लोखंड गार लागतं.

रॉड मोठा आला तर घासून घेता येतो,
त्याला पिवळा टिपका.
लहान आला तर इलाज नाही.
त्याला लाल, आणि भंगाराचा डबा.

आमवात आधी उजव्या करंगळीत आला.
मी म्हटलं, थंडी. मच्छ्याच्या बाजूनं
सकाळी धुकं येतं, त्याचं असेल.
मग पोलक्याचे हूक लागेनात.
रविवारी सहा पिवळ्या गोळ्या, सोमवारभर मळमळ,
तरी पहिल्या शिफ्टला हजर.
तिसऱ्या फाटकात गाडीसाठी टमटम थांबायची,
सगळे वैतागायचे, मी नाही.
तेवढी आठ मिनिटं गरम डब्यावर हात ठेवून
बोटं एकेक उघडून घ्यायची.
मग तिथं पूल झाला.

पुण्याचे साहेब ऑडिटला आले त्या दिवशी
प्लग गेज माझ्या हातून सुटला.
फरशीवर असा वाजला
की पलीकडच्या पोरानं लेथ बंद केली.
कुणी ओरडलं नाही.
साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं, बस्स.

पंधरा दिवसांनी ईरण्णा सुपरवायझर
दोन पानी कन्नड कागद घेऊन आला.
माझ्याकडं बघवेना त्याला.
"अक्का, इल्ली सही माड्री,"
मग मराठीत, हळू,
"वळंना तर अंगठा चालतोय म्हणालेत."
मी बी. ए. पार्ट टू.
मंदाकिनी काकतकर. नऊ अक्षरं, चार मिनिटं.
त्यानं पेन परत मागितलं नाही.
निरोपाला अर्धा किलो कुंदा. खोक्याची चिकटपट्टी
घरी येऊन, दार लावून, दातानं काढली.

मग सिव्हिल. अपंगाचा दाखला.
चाळीस टक्के भरले तर पेन्शन, बसचा पास.
"गोळ्या खाऊन येऊ नये गे आजच्या दिवशी,"
रांगेतली बसव्वा म्हणाली. उशिरा म्हणाली.
डॉक्टरीण माझ्या पुतणीएवढी.
कंपासपेटीतल्यासारखा कोनमापक
तिनं माझ्या बोटांवर ठेवला.
"मूठ वळा."

आणि वळली.
दोन वर्षांत वळली नव्हती अशी वळली, मेली,
बाई वर्गात आल्यावर
शहाणी होणाऱ्या पोरीसारखी.
मी तिच्याकडं बघतच राहिले.
त्या दिवशी कुठं होतीस गे,
पुण्याचे साहेब आले तेव्हा?

अडतीस.
दोन कमी.
सवयीनं माझी नजर टेबलावर
लाल रंगाची डबी शोधत गेली.

परवा ईरण्णा घरी आला. बराच वेळ
भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसला, मागच्या महिन्याचं.
नवी पोर दाबतच राहते म्हणाला,
माल परत येऊलालाय.
पगाराचं तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.
घरातला हिशोब त्याला कशाला सांगायचा?
आणि मी त्याला उठूनही घालवलं नाही, याचा
रात्री मला फार राग आला. पण तेव्हा म्हटलं,
तिला सांग, पुढं धरू नको.
शेपटाशी धर. जोर लावू नको.
वाजतंय ते ऐक.

सांगताना पदराखाली माझी बोटं
आपोआप फिरत होती,
फिरली तेवढी.