कायदेशीर पाणी

कफ्र-अल-शेखच्या पुढे, बुरुल्लुसच्या वाटेवर
दोन पाट शेजारी शेजारी वाहतात.
एकात गोड पाणी, नाईलचं. ते भाताला, कापसाला.
दुसऱ्यात उरलेलं:
शेतांनी पिऊन सोडलेलं,
गावांनी धुऊन सोडलेलं,
रंगाच्या कारखान्यानं मान वळवून सोडलेलं.
माशांना हे दुसरं द्यायचं,
असा कायदा आहे.

बसयूनी कायद्यानं वागतो.
चौदा फेद्दान तळी, बुलती मासा,
पहाटे बर्फाच्या पेट्या, कैरोचा ट्रक.
गिऱ्हाईक कल्ला उचलून बघतं: लाल.
बोटानं दाबतं: मांस परत वर येतं.
डोळा बघतं: स्वच्छ.
शिसं डोळ्यात दिसत नाही.
कॅडमियमला वास नाही.
पारखून घ्यायची सगळी जुनी विद्या
बोटांत तशीच आहे, आणि बिनकामाची.

त्याची पुतणी वगीदा प्रयोगशाळेत.
ती मासा उघडते.
कल्ले वेगळे, यकृत वेगळं,
पाठीचं मांस वेगळं,
प्रत्येकाचा अर्धा ग्रॅम आम्लात.
रात्रभर विरघळतो; सकाळी नळीत
सरबतासारखं पिवळसर, निरागस काहीतरी.
मासा पाणी कधी पितो ते कळत नाही, म्हणतात.
वगीदाला कळतं.
काय प्यायला, किती प्यायला,
दशांश चिन्हापुढे तीन घरांपर्यंत.

मांस मर्यादेच्या आत. जेमतेम.
यकृत बाहेर, बरंच बाहेर.
कल्ल्यांचं तर बोलूच नका.
"म्हणजे खायचा की नाही?" काका फोनवर.
आता ह्याला काय सांगावं?
की आठवड्यातून एकदा, डोकं टाकून,
पोटुशीला नको, लहान पोराला नको?
ज्या घरात डोकं
पोटुशीच्याच ताटात जातं, मानानं?

शुक्रवारी ती त्याच्याकडे जेवायला गेली.
कोंड्यात घोळवून भाजलेली बुलती,
वरून काळी, आत पांढरीशुभ्र.
लिंबू, जिरं, लसूण.
"हे खा बिनधास्त," काकू म्हणाली,
"हे आपल्या खड्ड्यातले."
कुठल्या खड्ड्यातले?
काकूनं काकाकडे पाहिलं. काकानं भाकरीकडे.

घरामागे, गवताच्या गंजीआड,
दोन खाटांएवढा खड्डा.
रात्री एकनंतर तो गोड पाटाला
मनगटाएवढी नळी लावतो,
कुत्र्यांना पाव टाकून, गप्प करून.
सापडला तर दंड, पंप जप्त.
विकायचा मासा कायद्याच्या पाण्यात,
खायचा मासा चोरीच्या.

तिनं खाल्ला. चव छान होती.
हात धुता धुता एक कच्चा मासा
पिशवीत मागून घेतला, उद्यासाठी म्हणून.

उद्या म्हणजे प्रयोगशाळा.
अर्धा ग्रॅम, आम्ल, रात्र.
यंत्राला चोरी कळत नाही, नातं तर नाहीच.
आकडा आला: कमी.
विकायच्या माशाहून कमी,
पण तिला वाटला होता तेवढा नाही.
खाद्य तर एकाच पोत्यातलं.

फोन वाजतोय. बसयूनी.
वहीत रकाना आहे, नमुना कुठला ते लिहायचा.
तिनं आधी "खड्डा" लिहिलं,
खोडलं,
"घर" लिहिलं.
फोन वाजून वाजून थांबला.