लेबलावर मावलं नाही ते

लेबल दोन बोटांचं.
बचत गटाचं नाव, तेल काढल्याची तारीख,
‘फक्त बाहेरून वापरण्यासाठी’,
एवढ्यात जागा संपते.
माझं अक्षर वळणदार, पण मोठं,
बारीक काढायला गेले की रडवेलं होतं.
म्हणून उरलेलं इथं.

वरूडच्या बाजारात एक बाई म्हणाली,
काळपट बाटलीत काऊन भरता वं, आतलं दिसत नाई, फसोता काय?
बाई, हे तेल उजेडाला भितं.
पहिल्या वर्षी आम्ही हौसेनं पांढऱ्या काचेत भरून
खिडकीत मांडलं होतं, शोभेला.
चैत्र संपेतो संत्रं उडून गेलं
आणि वार्निशाचा वास मागं राहिला.
तसलं शिळं तेल अंगाला लागलं की खाज सुटते.
मी त्यानं चुकलेल्या लेबलांचा डिंक काढते.
म्हणून तारीख. म्हणून बूच घट्ट, माठाजवळची जागा.

साल आम्ही उइकेंच्या तीस झाडांची घेतो.
त्यांच्या बागेत फवारणी नाही,
म्हणून फळ डागी, व्यापारी हात लावत नाही.
पण दाबून काढलेल्या तेलात
सालीवरचं सगळंच उतरतं,
औषधसुद्धा.
चकाकणाऱ्या फळाचं तेल घेताना
एवढं विचारा: फवारलं होतं का?

आणि दुसरं विचारा: दाबून काढलं, की वाफेवर?
हे आम्हाला गुंफानं शिकवलं.

कागदी लिंबाचं दाबलेलं तेल होतं.
वास आवडला, तिनं मनगटापासून कोपरापर्यंत चोळलं
आणि गेली पऱ्हाट्या उपटायला, भर उन्हात.
दोन दिवसांनी हात लाल, मग फोड,
मग ओघळाच्या आकाराचा तपकिरी पट्टा.
गावानं पट्टा पाहिला आणि मारोतीकडं पाहिलं.
पोलीस पाटील घरी आला: कोणं डागलं इले?
‘म्या हात नाई लावला, आईची आन!’
आयुष्यात पहिल्यांदा त्याचा खरंच दोष नव्हता,
आणि पहिल्यांदाच कोणी त्याला विचारलं होतं.

दोष उन्हाचा आणि लिंबाचा मिळून.
एकेकटे दोघंही गरीब.
वाफेवरचं लिंबू उन्हाशी भांडत नाही,
आपलं गोड संत्रंही नाही,
पण दाबलेलं लिंबू लावून घराबाहेर पडू नका,
आज नाही, उद्याही नाही.

दोन चमचे तिळाच्या तेलात चार थेंब.
तीनच धरून चाला,
चौथा आपसूक पडतो.
आधी कोपराच्या आत इवलंसं लावून एक दिवस वाट पाहा.
बादलीत टाकू नका, पाण्यात ते विरघळत नाही,
तवंग होऊन अंगाला नेमकं नको तिथं चिकटतं.
तान्ह्या लेकराला नाही. मांजरालाही नाही.
पोटात तर नाहीच,
घरचं आहे, फळाचं आहे, म्हणून काय झालं,
धोतराही झाडालाच येतो.

लहानपणी आम्ही साल दुमडून
दिव्यावर चिळकांडी मारायचो,
तडतड निळी फुलं उडायची,
माय ओरडायची, आम्ही पुन्हा मारायचो.
तीच चिळकांडी या बाटलीत हजारदा भरली आहे.
उदबत्तीजवळ उघडू नका.

एवढं सगळं भ्यायचं, तर घ्यायचं कशाला,
असंही कोणी विचारतं.
मला नीट सांगता येत नाही.
रात्री हिशेब जुळत नाही तेव्हा
रुमालाला एक थेंब लावून उशाशी ठेवते.
हिशेब तरीही जुळत नाही.
पण खोलीत कुणीतरी
नुकतंच संत्रं सोलून गेल्यासारखं वाटतं,
आणि माझ्यासाठी अर्ध्या फोडी ठेवल्यासारखं.

बाजारात लेबल तसंही कोणी वाचत नाही.
गिऱ्हाईक आलं की गुंफा बाही वर सारते.
पट्टा आता फिका झालाय,
दुपारच्या उजेडात शोधावा लागतो.
ती शोधून दाखवते.
मी पुढच्या बाटलीवर तारीख घालते.