तुटलेला तुकडा घेऊन या

नागदेवी स्ट्रीटवर कुतुबभाईंच्या काउंटरवर
तीन पेट्या उघड्या पडल्यात,
दातांच्या डॉक्टरनं कवळ्या मांडाव्यात तशा.

पहिली जालंधरची. साडेतीन हजार, शेहेचाळीस नग.
हमी सहा महिने,
तीही कुतुबभाई "बघू" म्हणून देतात.
दुसरी तैवानची. क्रोम असं, की
गोटीच्या पाठीवर माझं नाक दिसतं, पाचपट.
दोन वर्षं. बिल जपून ठेवायचं.
माझ्या हातात आलेलं बिल
दुसऱ्या दिवशी डिझेल पिऊन पारदर्शक होतं.
तिसरीला ते उघड्या हातानं शिवत नाहीत,
फडक्यानं झाकण उचलतात.
एकोणीस हजार. हमी आजीवन.

"कुणाचं जीवन?" ओवेस विचारतो.
चारच महिने झालेत पोराला माझ्याकडे,
बारा-तेरा मागितला की चौदा-पंधरा देतो,
पण हे त्यानं बरोबर विचारलं.

कुतुबभाई चष्मा कपाळावर चढवून
पत्रक नाकाला लावतात.
मुंगीनं हिशेब लिहावा तशी अक्षरं:
झीज, नाही.
गंज, नाही.
हातोडीसारखा वापर, नाही.
पाइप लावून जोर वाढवला, नाही.
घासून, कापून बदल केला, नाही.
हरवलं, तर काय, नाहीच.

कुतुबभाई, मी भाऊच्या धक्क्यावर
मासेमारीच्या बोटींची इंजिनं उघडतो.
तिथं पाना तुटत नाही, निसटतो.
आवाजही येत नाही पुष्कळदा,
शेजारच्या बोटीवर बर्फ फोडत असतात.
धक्क्याखालच्या चिखलात
माझे तीन अख्खे सेट असतील, सहा-सातपासून वीस-बावीसपर्यंत,
ओहोटीला निवट्या येऊन बसत असतील त्यांच्यावर.
उरलेल्यांना खारा वारा खातो.
आणि पाइप तर आम्ही लावतोच.
सहा सिलिंडरच्या हेडचा नट
पत्रक वाचून ढिला होत नाही.

तरी एक तुटलंय.
पिशवीतून काढून काउंटरवर ठेवतो.
इग्नेस मेस्त्रींचं रॅचेट. ह्याच, तिसऱ्या कंपनीचं.
कुण्या ग्रीक जहाजावरच्या इंजिनियरनं
दोन बाटल्यांच्या बदल्यात दिलेलं.
आतले दात गेलेत.
आता दोन्हीकडे नुसतंच फिरतं, कर्र न करता;
मेस्त्री शेवटी शेवटी मान हलवायचे तसं,
हो की नाही ते कळायचं नाही.

कुतुबभाईंनी ते उलटंपालटं केलं.
दांड्यावर कानशीनं पाडलेल्या तीन खाचा
त्यांना दिसल्या. मला दिसलं की दिसल्या.
त्यांवर अंगठा ठेवून
फोनवर म्हणाले, "नहीं नहीं, कुछ छेडा नहीं है, एकदम असली."
मग मला: "मिळेल, तांडेल. नवीन, फुकट.
हे मात्र इथं ठेवून जा.
जुना माल जमा केल्याशिवाय कंपनी देत नाही."

बिल्जच्या काळ्या पाण्यात
कोपरापर्यंत हात घातला
की आपलं हत्यार कुठलं ते कळावं,
म्हणून त्या खाचा.
मेस्त्रींच्या मागे अकरा वर्षं माझा अंगठा तिथं जातो.

मी म्हटलं, राहू दे.
कुतुबभाई काही बोलले नाहीत.
अंगठा उचलला,
रॅचेट त्याच फडक्यानं पुसलं,
तिसऱ्या पेटीच्या फडक्यानं,
आणि माझ्याकडे सरकवलं.

जालंधरची पेटी घेतली. दोनशे कमी केले त्यांनी.

संध्याकाळी धक्क्यावर पाहतो तर
ओवेस दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून
नव्या रॅचेटच्या दांड्यावर कानस चालवतोय.
सहा महिन्यांची हमी
सहा तासही टिकली नाही.
"चार पाडल्या," म्हणाला,
"तीन तुमच्या आहेत ना."

मी म्हटलं, बारा-तेरा दे.
त्यानं चौदा-पंधरा दिला.