दोष आढळला नाही

मंगळवारी कंपनीची यादी आली,
एकशे सत्त्याऐंशी चेसिस नंबर,
सोबत काय बोलायचं त्याचा कागद:
‘खबरदारीचा उपाय म्हणून’ अशी सुरुवात करा,
‘बिघाड’ म्हणू नका, ‘तपासणी’ म्हणा,
ग्राहक चिडल्यास पुन्हा पहिल्या ओळीवर या.

होटगी रोडच्या आमच्या शोरूममध्ये एसी एवढा
की मे महिन्यातही मी स्वेटर घालून बसते.
काचेपलीकडे चव्वेचाळीस.

जुळे सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, पुढच्या आठवड्यात बघू.
बार्शीचे एक आडते म्हणाले, फुकट?
फुकट हाय तर एवढं मऊ का बोलाय लागलाय?
एका बाईंनी विचारलं,
आत्ता पोराला क्लासवरनं आणायचंय, आणू का नको यातनं?
त्याचं उत्तर कागदावर नव्हतं.
मी पहिल्या ओळीवर गेले.

चौऱ्याहत्तरावं नाव येलगेटी नरसय्या राजय्या.
वाचून मी आधी पाणी प्यायले.

तीनदा आले होते ते.
पहिल्यांदा गड्ड्यावर पाळणे लागले होते तेव्हा.
म्हणाले, डावीकडं वळताना टक् होतंय.
आमच्या पोरानं आसरा चौकापर्यंत चक्कर मारली,
गाणी चालू ठेवून.
दुसऱ्यांदा म्हणाले, टक् नाही आता, ट-टक्.
तिसऱ्यांदा काउंटरच्या काचेवर
बोटानं वाजवून दाखवत राहिले.
चाळीस वर्षं मागावर होतो, पोरी.
बावीस माग एकदम चालायचे,
एकाचा धोटा अडखळला तर
मी पाठमोरा सांगायचो, सातवा.

तिन्ही वेळा मीच टाइप केलं:
दोष आढळला नाही. ग्राहकाला समजावून सांगितले.
दुसरं वाक्य तर आपोआपच येतं,
‘ग्रा’ दाबलं की.

पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला.
मी म्हटलं, खबरदारीचा उपाय म्हणून
ते म्हणाले, काय निघालं?
पिन, मी म्हणाले. स्टिअरिंगच्या खालच्या जोडातली.
हे सांगायचं नव्हतं.
बराच वेळ काहीच नाही.
मागे घरात कुणीतरी तेलुगूत विचारलं, कोण आहे,
त्यांनी तिकडं तोंड करून सांगितलं, मग मला म्हणाले,
आमच्यात एक धागा तुटका सापडला
तर तेवढीच चादर नाही उलगडायचो.
त्या बीमवरच्या सगळ्या.
गिऱ्हाइकाच्या हातात जायच्या आधी.

आणि माणूस पाठवा, मार्चपासून हलवली नाही मी ती.

दुपारीच टो गाडी गेली विडी घरकुलला.
माझं काम नसताना मीही गेले.
पत्र्याच्या शेडमध्ये गाडी, अंगावर चादर,
लाल, मोरांची,
त्यातल्या एका मोराला मान नाही.
डागाचा माल, ते म्हणाले, हा विकला नाही कधी.
मीटरवर बाराशे सव्वीस किलोमीटर.
पोरगा पुण्यातनं हप्ते भरतोय,
त्याला वाटतंय मी रोज सकाळी
हिला घेऊन मार्कंडेयाच्या देवळात जातो.
चालतच जातो. तेवढं सांगू नका.

चादरीची दोन टोकं त्यांनी धरली, दोन मी.
उन्हात तापलेली होती.
ते दोन पावलं पुढे आले, मी दोन,
घडी घालताना माफ करा म्हणायला
तेवढं अंतर पुरलं असतं.
मी म्हणाले, इथं सही करा.

आमच्या संगणकात जुनी नोंद बदलता येत नाही,
नवीन ओळ तेवढी उघडते.
‘ग्रा’ दाबलं. वाक्य आलं.
एकेक अक्षर मागे घेत पुसलं,
कर्सर कधीचा लुकलुकतोय.

एकशे तेरा बाकी आहेत.
पंच्याहत्तरावा उचलत नाहीये.