बोलावणं

उम्म जासिम काचेच्या खिडकीशी येते, रिपोर्ट मागायला.
जुन्या कापडवाल्यांकडून उचललेलं हिंदी बोलते.
सांगते, माझे आजोबा सैब होते.
पाणबुड्या खाली, शिंपल्यांत,
सैब वर, होडीच्या काठाशी, तळव्यांत दोर.
मध्ये समुद्र. आवाज पोचत नाही, चेहरा दिसत नाही,
पोचतो तो फक्त हिसका.
हिसका आला की ओढायचं.

मी म्हणते, उद्या या.
स्लाइड अजून रंगायची आहे.

मुहर्रकच्या या लॅबमध्ये एसीचं पाणी बादलीत ठिबकतं
आणि नायला मला विचारते, रिसेप्टर म्हणजे नेमकं काय?
मी म्हणते, पेशीच्या भिंतीत आरपार उभी असलेली बाई.
एक हात रस्त्यावर, एक पाय स्वयंपाकघरात.
एकटी असली की काही करत नाही.
निरोप येतो, तो उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही,
बाहेरच्या बाहेर दोघींना जवळ आणतो, एवढंच.
आणि दोघी टेकल्या की
आत, शेपटांकडे, हळदीकुंकू सुरू:
हिनं तिच्या टायरोसिनवर फॉस्फेट लावायचं,
तिनं हिच्या.
स्वतःचं स्वतःला नाही.
एटीपीच्या करंड्यातून चिमूट चिमूट.

ते ठिपके बघूनच पुढची माणसं येतात,
कोरड्या शेपटाला कुणी विचारत नाही.
ग्रब येतो, सॉसला हाताला धरून आणतो,
सॉस रासच्या हातातलं विझलेलं सोडवतो,
रास नवं, पेटतं उचलतो,
रासकडून रॅफ, रॅफकडून मेक, मेककडून अर्क,
(पाठ होत नसेल तर शेजारणींची नावं समज, नायला)
आणि अर्क केंद्रकात शिरून सांगतो:
वाढ. एकाचे दोन हो.

पुसणारेही असतात. ओलं फडकं घेऊन फिरतात.
निरोप संपला की संपला पाहिजे.

हळदीकुंकू म्हणाले खरी, पण
मृदुला केळशीकरच्या तिसऱ्या मजल्यावर
यशोधन गेल्यापासून तीन वर्षं मला बोलावणं नव्हतं.
कुणाचं काही वाकडं नव्हतं. रीत.
मी आपली भिंतीत उभी, एक हात बाहेर काढून.
या जानेवारीत तिनं फोन केला, ये गं, चिमटे आणलेत वाणाला.
दारात मी थबकले.
सासूबाई चिपळूणहून व्हिडिओ कॉलवर बघत होत्या.
मृदुलानं फोन टेबलावर पालथा घातला
आणि करंडा उघडला.

संध्याकाळी सहा. स्लाइड भिंगाखाली.
प्रत्येक पेशीभोवती गच्च तपकिरी कडं,
अख्खं, कुठेही न तुटलेलं.
तीन प्लस.
हर-टू. हिला बोलावणं लागतच नाही.
हात जन्मापासून पुढे काढलेला,
आणि इथे तर घरात इतक्या जणी कोंबलेल्या
की कुणीही कुणावर टेकते,
कपाळावर कपाळ, ठिपक्यावर ठिपका,
फडकेवाल्यांना फडकं पिळायची फुरसत नाही.
आत तोच एक शब्द: वाढ. वाढ. वाढ.

औषध आहे. एक अँटिबॉडी.
बाहेरून येऊन हिच्या मानेशी बसते,
दोघींच्या मधोमध, पाहुणीसारखी पाय पसरून.
दर तीन आठवड्यांनी, सलाइनच्या नळीतून.
सगळ्यांना लागू पडतंच असं नाही. हे मी नायलाला सांगितलं नाही.

सकाळी उम्म जासिम पुन्हा.
खिडकीच्या फटीतून खजुरांची पुडी सरकवली.
बोटं टेकली, तिची थंड, माझी हातमोज्यातली.
रिपोर्ट डॉक्टर सांगतील, मी म्हटलं.
ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पाणी मध्ये.
मग म्हणाली,
मोत्यांचा धंदा बुडाला, होड्या विकल्या,
आजोबा म्हातारे होऊन खाटेवर पडले,
तरी झोपेत, रात्र रात्र,
त्यांचे हात ओढत असायचे.